अहो म्हणणारी भाषा

गेल्या रविवारी कपाट आवरायला काढलं (खरं म्हणजे बायकोनं काढायला लावलं) आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात एक जुनी प्लॅस्टिकची फाइल सापडली. आत २००६ सालचं एक सर्टिफिकेट, वर्गाचा ग्रुप फोटो आणि एका अहवालाची झेरॉक्स. जर्मनीतल्या माझ्या उन्हाळी भाषावर्गाची शिल्लक राहिलेली एवढीच इस्टेट. तेव्हा पुण्यात नोकरी करता करता शनिवार-रविवारी जर्मनच्या क्लासला जायचो. परीक्षेत मार्क बरे पडले, सरांनी अर्ज भरायला लावला, आणि ध्यानीमनी नसताना चार आठवड्यांची शिष्यवृत्ती मिळाली. फी, राहणं, खाणं सगळं त्यांच्याकडून. रिलीज तोंडावर असताना मॅनेजरनं रजा कशी दिली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

तर तो अहवाल. कोर्स संपल्यावर पानभर अनुभव लिहून द्यायचा होता. शेवटचा प्रश्न असा, की या शिष्यवृत्तीनं तुम्हाला काय दिलं? मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये लिहिलं होतं की माझ्या ज्ञानाच्या कक्षा रुंदावल्या आणि मी या देशाचा कायमचा ऋणी आहे. शाळेच्या निबंधाच्या वहीतून उचललेली वाक्यं! आज वाचताना चांगलीच लाज वाटली. कारण मधल्या वर्षांत मी एका माणसाचं आत्मचरित्र वाचलं होतं. त्यांनीही एका उन्हाळ्यात, शिष्यवृत्तीच्या पैशावर, जर्मनीत राहून जर्मन पक्की केली होती. माझ्या अहवालातल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला त्यांना चव्वेचाळीस वर्षं लागली.

त्यांचं नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. आडनाव फ्रेंच वळणाचं असलं तरी उच्चार 'बॉइस' असाच करायचा, असा त्यांचा आग्रह असे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ, संपादक आणि नागरी हक्कांचे लढवय्ये. जन्म १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावातला. गोष्ट सुरू होते तेव्हा ते जेमतेम चोवीस वर्षांचे आहेत. ब्लॉगवर आपण एवढ्या तरुण पोराला सहज 'तो' म्हणून मोकळे होतो, पण मी या लेखात त्यांना 'ते'च म्हणणार आहे. का, ते पुढे कळेल.

ड्यू बॉइस टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठात शिकले. जर्मन भाषेशी ओळख तिथेच झाली. १८८८ साली पदवीदान समारंभात त्यांनी भाषण केलं ते चक्क बिस्मार्कवर! विस्कळीत लोकांना एका राष्ट्रात बांधणारा माणूस म्हणून त्या वयात त्यांना बिस्मार्कचं भारी आकर्षण होतं. मग हार्वर्ड. त्या काळात अमेरिकेत ज्याला मोठा विद्वान व्हायचं असेल तो जर्मनीला जायचा. संशोधनाची पद्धत, सेमिनार, पीएचडी हे सगळं अमेरिकन विद्यापीठांनी तिकडूनच उचललेलं. त्यामुळे ड्यू बॉइसनाही बर्लिनला जायचं होतं. अडचण नेहमीचीच, पैशाची.

१८९० च्या शेवटी त्यांना पेपरात एक बातमी दिसली. स्लेटर फंड नावाचा एक निधी होता. कनेटिकटमधल्या जॉन स्लेटर या कापड गिरणीवाल्यानं १८८२ साली कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी दहा लाख डॉलर देऊन तो काढला होता. अध्यक्ष होते रदरफर्ड हेज, म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष. हेजसाहेब एका भाषणात म्हणाले होते, की युरोपात शिकायला पाठवण्याजोगा कृष्णवर्णीय तरुण मिळाला तर आम्ही पैसे देऊ, पण आतापर्यंत आम्हाला फक्त वक्तृत्व करणारेच सापडले आहेत.

ड्यू बॉइसनी लगेच अर्ज ठोकला. शिफारसपत्रं जोडली. उत्तर आलं, की अशी योजना आता नाही. यावर आपण काय केलं असतं? ऑफिसात दोन दिवस कुरकुर करून गप्प बसलो असतो. त्यांनी मे १८९१ मध्ये हेजना खरमरीत पत्र लिहिलं. मुद्दा थोडक्यात असा, की शिष्यवृत्ती मिळाली नाही याचं मला दुःख नाही, पण 'लायक माणूस सापडत नाही' असं जाहीर बोलून तुम्ही माझ्या संपूर्ण समाजाची बदनामी केलीत, त्याचं काय? माजी राष्ट्राध्यक्षाला एका तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचं हे पत्र! हेज वरमले. पुढच्या वर्षी ७५० डॉलर मंजूर झाले, निम्मी देणगी आणि निम्मं कर्ज. त्या आनंदात ड्यू बॉइसनी न्यूयॉर्कच्या एका दुकानात तीन डॉलरचा शर्ट घेतला. एरवी ते शर्टाला जेवढे पैसे देत त्याच्या चौपट. पहिल्या पगाराच्या दिवशी लक्ष्मी रोडवर जे होतं तेच. :-)

१८९२ च्या उन्हाळ्यात ते बोटीनं रॉटरडॅमला उतरले आणि तिथून ऱ्हाईन नदीतून आगबोटीनं जर्मनीकडे निघाले. या प्रवासातला एक प्रसंग त्यांनी लिहून ठेवलाय. बोटीवर एक डच बाई आणि तिच्या तीन मुली होत्या. गोरे लोक दिसल्यावर अमेरिकेतल्या सवयीनं ड्यू बॉइस बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. त्यांना टाळलं, म्हणजे अपमान व्हायचा प्रश्नच नको. थोड्या वेळानं त्यातली सगळ्यात धाकटी मुलगी सरळ त्यांच्यापाशी आली आणि तिनं विचारलं, तुम्हाला जर्मन येतं का? ते काही बोलेपर्यंत आई आणि बाकीच्या बहिणीही तिथे हजर. प्रवास संपेपर्यंत सगळ्यांची चांगली दोस्ती झाली होती.

परक्या भाषेतला पहिला खरा संवाद कसा झाला, हे भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला आठवत असतं. माझा एका बेकरीत झाला होता आणि मी पाव मागताना लिंग चुकलो होतो. पण 'तुम्हाला ही भाषा येते का' या साध्या प्रश्नात 'या, आमच्यात बसा' असं आमंत्रण असू शकतं, हे मला ड्यू बॉइस वाचल्यावर कळलं.

बर्लिनचं विद्यापीठ ऑक्टोबरमध्ये उघडणार होतं. तोवर बोलण्याची जर्मन पक्की करण्यासाठी ते थुरिंगियातल्या आयझेनाख या गावी मारबाख नावाच्या पाद्री कुटुंबाकडे राहिले. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या पंगतीला बसायचं, त्यांच्याबरोबर हिंडायचं आणि दिवसभर जर्मनच बोलायचं. आजच्या उन्हाळी भाषावर्गात सकाळी व्याकरण आणि दुपारी सहल असते, पण मूळ कल्पना हीच.

मी आयझेनाख पाहिलंय. आमच्या कोर्सची शनिवारची सहल तिथे गेली होती. वर डोंगरावर वार्टबुर्ग किल्ला. त्यातल्या एका खोलीत लपून राहून मार्टिन ल्यूथरनं १५२१-२२ च्या हिवाळ्यात अवघ्या काही आठवड्यांत बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला. पंडितांच्या भाषेतला ग्रंथ लोकांच्या भाषेत आणणं म्हणजे काय, हे नेवाशाच्या ज्ञानेश्वरांमुळे आपल्याला वेगळं सांगायला नको. खाली गावात बाखचं जन्मगाव म्हणून पाटी. आम्ही फोटो काढले, सॉसेज खाल्लं, बसमध्ये बसलो. याच गावात ऑगस्ट-सप्टेंबर १८९२ मध्ये एक कृष्णवर्णीय तरुण जर्मन बोलायला शिकला, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

तर त्या घरात ड्यू बॉइस रमले. जंगलातून भटकंती, गाणी, नाच. मारबाखांची मुलगी डोरा आणि ते एकमेकांच्या प्रेमात पडले. डोरा लग्नाला लगेच तयार होती. पण आपल्या देशात नेलं तर हिचं काय होईल, हे ड्यू बॉइसना माहीत होतं, आणि त्यांनी पाऊल मागे घेतलं. त्याच सुमारास एक अमेरिकन प्राध्यापक आणि त्यांची बायको तिथे राहायला आले. या बाईंनी मारबाख मंडळींना 'सावध' केलं, की आमच्याकडे या लोकांना घरात घेत नाहीत. म्हणजे बघा, समुद्र ओलांडला तरी अमेरिका त्यांच्या मागोमाग जेवणाच्या टेबलापर्यंत आलीच.

आता 'ते' म्हणण्याचा मुद्दा. जर्मनमध्ये आपल्यासारखंच अरे-तुरे आणि अहो-जाहो आहे. 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. अनोळखी मोठ्या माणसाला 'झी' आणि आडनावाआधी 'हेर' लावायचं, हा साधा व्याकरणाचा नियम. इंग्रजीत हा भेद उरलेला नाही, पण अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांनी तो दुसऱ्या मार्गानं बरोबर साधला होता. कृष्णवर्णीय माणूस साठीचा असला तरी त्याला पहिल्या नावानं हाक मारायची, नाहीतर 'बॉय' म्हणायचं. 'मिस्टर' म्हणायचं नाही. टेनेसीत राहिलेल्या ड्यू बॉइसनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि इथे जर्मनीत पाववाला, पोस्टमन, घरमालक सगळे व्याकरणाच्या नियमानुसार 'हेर' आणि 'झी' म्हणणार! त्यांनी स्वतः 'झी'बद्दल असं काही लिहिलेलं नाही, हा माझा अंदाज आहे. पण गोरी माणसं ही आपल्यासारखी माणसंच आहेत असं पहिल्यांदा जर्मनीत वाटलं, हे मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलंय.

मला हे भिडलं त्याचं एक खाजगी कारण आहे. लहानपणी सुट्टीत गावी गेलो की आमच्या वाड्यावर एक म्हातारेबाबा लाकडं फोडायला यायचे. आजोबांपेक्षा वयानं मोठे असतील. घरातले सगळे त्यांना अरे-तुरे करायचे आणि आठ वर्षांचा मीसुद्धा, "ए, पाणी पाहिजे का रे तुला?" असं विचारायचो. गावातल्या इतर कुठल्याही पांढऱ्या केसांच्या माणसाला मी असं बोललो असतो तर कानाखाली बसली असती. इथे कोणीच टोकलं नाही. सर्वनामं वयावर नव्हे तर जातीवर ठरतात, हे व्याकरण मला कोणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप येत होतं.

पुन्हा गोष्टीकडे. ऑक्टोबर १८९२ मध्ये ड्यू बॉइस बर्लिनला गेले. श्मोलर आणि वाग्नर या नामांकित अर्थशास्त्रज्ञांकडे शिकू लागले. कैसरसारखी दाढीमिशी ठेवली, हातमोजे आणि छडी घेऊन हिंडू लागले. पण भाषा येण्याची दुसरी बाजूही लवकरच कळली. इतिहासकार ट्राइच्के वर्गात गरजले, की मिश्र वर्णाची माणसं हीन असतात. ट्राइच्केंना बहुधा कल्पनाही नसावी, की ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यातलाच एक जण समोर बसलाय. ड्यू बॉइसना वाटलं, सगळा वर्ग आपल्याकडेच बघतोय. जर्मन आली नसती तर हे वाक्य नुसता आवाज म्हणून कानावरून गेलं असतं. भाषा शिकलं की मान कळतो आणि अपमानही कळतो. सोयीचं तेवढंच समजून घ्यायची सवलत नसते.

बर्लिनमध्येच स्टानिस्लाव एस्ट्राइखर नावाचा एक पोलिश विद्यार्थी भेटला. तो त्यांना क्राकाऊला आपल्या घरी घेऊन गेला. एका गोऱ्या समाजानं दुसऱ्या गोऱ्या समाजाला दाबून ठेवलंय, हे ड्यू बॉइसनी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. त्याच भागात एका छोट्या गावी ते रात्री उतरले, तेव्हा घोडागाडीवाल्यानं विचारलं, ज्यूंकडे उतरणार का? त्यांना काही उलगडा होईना, पण ते हो म्हणाले. गाडी एका आडगल्लीतल्या छोट्या ज्यू खानावळीपाशी थांबली. माणसाला बाजूला ठेवण्यासाठी कातडीचा रंगच लागतो असं नाही, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

आणि मग तेच झालं जे शिष्यवृत्तीवाल्यांच्या बाबतीत नेहमी होतं. हेज जानेवारी १८९३ मध्ये वारले होते. दुसऱ्या वर्षासाठी पैसे मिळाले, पण बर्लिनची डॉक्टरेट घ्यायला विद्यापीठातला काळ थोडा कमी पडत होता. श्मोलर आणि वाग्नर त्यांच्या बाजूनं उभे होते. तरी फंडानं आणखी मुदत दिली नाही. १८९४ मध्ये ड्यू बॉइस बोटीच्या सगळ्यात स्वस्त वर्गातून अमेरिकेला परतले. ओहायोतल्या विल्बरफोर्स विद्यापीठात नोकरी लागली आणि तिथे लॅटिन-ग्रीकबरोबर ते जर्मनही शिकवू लागले. १८९५ मध्ये हार्वर्डनं त्यांना पीएचडी दिली. हार्वर्डची पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

हे वाचताना मराठी माणसाला दुसरं एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. १९१३ साली डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण १९१७ मध्ये मुदत संपली आणि प्रबंध अर्धवट ठेवून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून हाकललं गेल्याची हकीकत त्यांनी स्वतः लिहिलीय. पुढे पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२१ मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातलं. १९४६ साली याच आंबेडकरांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आणि भारतातले अस्पृश्य यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे, की त्यांचा अभ्यास करणं मला आवश्यकच वाटतं, असा त्याचा आशय. ड्यू बॉइसनी उत्तर दिलं, की तुमचं नाव ऐकून आहे आणि तुमच्या लोकांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. शिष्यवृत्तीचा करार, अर्धवट प्रबंध आणि माघारी आल्यावर वाट बघणारा तोच अपमान, एवढ्या गोष्टी दोघांच्या आयुष्यात सारख्या होत्या.

आता मला खरं म्हणजे जिथे यायचं होतं तिथे येतो. वर्ष १९३६. ड्यू बॉइस अडुसष्ट वर्षांचे आहेत. अमेरिकेतल्या ओबरलेंडर ट्रस्टनं त्यांना औद्योगिक शिक्षणाचा अभ्यास करायला जर्मनीला पाठवलं. म्हणजे पुन्हा शिष्यवृत्ती, पुन्हा जर्मनी. पण आता तिथे हिटलर आहे. बर्लिनमध्ये ऑलिंपिक भरलंय आणि सगळीकडे पाहुण्यांसाठी रंगरंगोटी. ड्यू बॉइस सुमारे पाच महिने तिथे राहिले. त्यांच्याशी सगळे सभ्यपणे वागले. हॉटेलात, आगगाडीत कुठेही अपमान नाही. अमेरिकेत इतके दिवस असे कधीच गेले नसते, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलंय. घरं बांधली, बेकारी कमी झाली, हेही लिहिलंय.

विचार करा, किती सोपं होतं इथेच थांबणं. ज्या देशानं तरुणपणी तुम्हाला माणूस म्हणून वागवलं, ज्याची भाषा तुम्ही प्रेमानं शिकलात, आजही तो तुम्हाला 'हेर प्रोफेसर' म्हणतोय. पैसे देणारेही जर्मनीशी सलोखा वाढावा म्हणून देतायत. अहवालात लिहायचं, मी कायमचा ऋणी आहे. (ओळखीचं वाटतंय ना?) पण त्यांना जर्मन येत होतं. दुकानावरच्या पाट्या, वर्तमानपत्रातले मथळे, भाषणं हे त्यांना दुभाष्याशिवाय कळत होतं. ऑलिंपिकला आलेल्या कितीतरी पाहुण्यांना नुसते झेंडे दिसले.

जर्मनीत असेपर्यंत त्यांनी जपून लिहिलं. बाहेर पडल्यावर 'पिट्सबर्ग कूरियर' या पत्रात वाचकांना स्पष्ट सांगितलं, की तिथे ज्यूंविरुद्ध जे चाललंय तेवढ्या सूडबुद्धीचं क्रौर्य मी पाहिलेलं नाही, आणि मी बरंच काही पाहिलंय. तुलना करायची तर स्पॅनिश इन्क्विझिशनशी आणि आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराशीच करावी लागेल. गुलामांच्या व्यापाराच्या इतिहासावर ज्यांनी डॉक्टरेट केली, त्या माणसानं १९३६ साली केलेली ही तुलना आहे. खरा संहार अजून सुरूही झालेला नव्हता.

तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, नाझींनी क्राकाऊच्या प्राध्यापकांना बैठकीला म्हणून बोलावलं आणि सरसकट पकडून नेलं. त्यात ड्यू बॉइसचा तो जुना मित्र एस्ट्राइखर होता. डिसेंबरमध्ये बर्लिनजवळच्या झाक्सेनहाउझेन छळछावणीत तो मेला. दोघांची ओळख झाली होती तीही बर्लिनमध्येच.

ड्यू बॉइसनी जर्मन टाकून दिली नाही, की जर्मनीचा द्वेषही केला नाही. आयझेनाखच्या त्या उन्हाळ्याबद्दल ते शेवटपर्यंत मायेनंच लिहीत राहिले. १९५८ मध्ये, नव्वदीत, त्यांच्या जुन्या विद्यापीठानं, म्हणजे पूर्व बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठानं, त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. पैशाअभावी हुकलेली पदवी चौसष्ट वर्षांनी मिळाली!

मला वाटतं, शिष्यवृत्ती देणारा काहीतरी हेतू ठेवूनच देतो. स्लेटर फंडाला एक नमुना हवा होता, बडोद्याला नोकर हवा होता, मला पाठवणाऱ्यांना त्यांच्या देशाबद्दल चांगलं बोलणारा एक इंजिनिअर हवा असेल. त्यात गैर काही नाही. पण भाषा एकदा डोक्यात उतरली की ती देणाऱ्याच्या हिशेबानं चालत नाही. ज्यांनी तुम्हाला अक्षरं शिकवली त्यांच्याच भिंतीवर लिहिलेलं तुम्ही वाचू लागता. ते वाचून खरं ते सांगणं हीच बहुधा त्या ऋणाची फेड असावी.

फाइल परत कपाटात ठेवली. अहवालातलं उत्तर आज लिहायचं असतं तर लिहिलं असतं, की चार आठवडे एका परक्या गावातला प्रत्येक माणूस मला अहो म्हणत होता, आणि त्यामुळे मी आयुष्यात कोणाकोणाला अरे म्हणत आलोय ते मला आठवलं. लाकडं फोडणारे ते बाबा आता नाहीत. त्यांचं नाव काय होतं, हे परवा फोन करून आईला विचारलं. तिलाही आठवेना.